लुळा पाय आणि ताठ हात

गावात किंवा गल्लीत पोलिओ झालेला एखादा तरी मुलगा पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या मुलाचा पाय बारीक, थंड आणि लुळा असे. चालताना तो मांडीवर हाताचा दाब देऊन गुडघा सावरत असे. आजच्या मुलांना असा पाय क्वचितच दिसतो, कारण भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. दुसरा अवयव मात्र आजही अनेकांच्या नात्यागोत्यात पाहायला मिळतो. पक्षाघाताच्या झटक्याला काही महिने उलटल्यावर कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेला आणि छातीशी ओढला गेलेला तो हात असतो. मूठ उघडून नखे कापायची म्हटली तरी घरच्यांची दमछाक होते.

या दोन्ही अवयवांना अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात अशी नावे लोक सरसकट देतात, कारण दोन्ही ठिकाणी इच्छेप्रमाणे हालचाल होत नाही. तरीही एक लुळा आहे आणि दुसरा ताठ आहे. मेंदू आज्ञा देतो आणि स्नायू ती पाळतो, एवढेच शाळेत शिकलेले चित्र खरे असेल, तर आज्ञा बंद झाल्यावर दोन्ही अवयव सारखेच लुळे पडायला हवेत. ते तसे पडत नाहीत, याचा अर्थ त्या चित्रात काहीतरी मोठे राहून गेले आहे. जे राहून गेले आहे ते असे की, मेंदू थेट स्नायूंशी बोलतच नाही. तो पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत बसलेल्या पेशींशी बोलतो, आणि त्यांच्याशी होणाऱ्या त्याच्या व्यवहारात हुकूम देण्याइतकेच आवर घालण्याचे आणि त्यांना सज्ज ठेवण्याचे काम मोठे असते.

मेरुरज्जू प्रौढ माणसात साधारण करंगळीच्या जाडीचा आणि ४५ सेंटीमीटरच्या आसपास लांबीचा असतो. तो आडवा छेदून पाहिला तर मध्यभागी फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. या फुलपाखराच्या पोटाकडील पंखांत प्रेरक चेतापेशी असतात. प्रत्येक प्रेरक चेतापेशी एक लांब तंतू मेरुरज्जूबाहेर पाठवते. पायाच्या पंज्यातील स्नायूकडे जाणारा हा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. स्नायूत पोहोचल्यावर तो अनेक फांद्यांत विभागतो आणि प्रत्येक फांदी एका स्नायुतंतूला जोडली जाते. म्हणजे एक चेतापेशी पेटली की तिच्या ताब्यातील सगळे स्नायुतंतू एकदम आकुंचन पावतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीकडे दहाच्या आसपास तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजार ते दोन हजार. नजर केसाइतकी सरकवता येते आणि पोटरी संपूर्ण शरीराचे ओझे उचलते, याचे एक कारण या वाटणीत आहे. डोळ्याच्या चेतापेशी मेरुरज्जूत नसून मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागात, असतात. पण नियम तोच आहे.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेरक चेतापेशीला ‘अंतिम सामाईक मार्ग’ असे म्हटले. इच्छा असो, सवय असो, दचकणे असो, तोल सावरणे असो किंवा श्वास घेणे असो, हालचाल व्हायची असेल तर या पेशीतूनच जावे लागते. दुसरी वाट नाही. पोलिओचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. मेंदू शाबूत, स्नायू सुरुवातीला शाबूत, पण मधली पेशीच गेली, म्हणून पाय लुळा पडतो, प्रतिक्षिप्त क्रियाही बंद होतात आणि चेतनेवाचून स्नायू झिजत जातो. पक्षाघातात याच्या उलट घडते. मेंदूतील रक्तपुरवठा थांबल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने वरचा संबंध तुटतो, पण हाताच्या प्रेरक चेतापेशी मेरुरज्जूत जिवंत राहतात. ताठ हातामागचे गूढ याच जिवंतपणात आहे, आणि ते समजण्यासाठी ही पेशी निर्णय कसा घेते ते आधी पाहावे लागेल.

एका प्रेरक चेतापेशीवर इतर चेतापेशींची दहा हजारांहून अधिक संपर्कस्थाने असतात. त्यांतील काही तिला चेतवतात आणि काही तिला दाबतात. शांत असताना पेशीच्या आतला विद्युत्भार बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. चेतवणारे संदेश तो शून्याच्या दिशेने ढकलतात, दाबणारे संदेश त्याला मागे खेचतात किंवा जागीच धरून ठेवतात. ही बेरीज-वजाबाकी क्षणोक्षणी चालू असते आणि भार एका ठरावीक उंबरठ्यापर्यंत, म्हणजे साधारण उणे ५५ च्या आसपास, पोहोचला तरच पेशी पेटते. वजाबाकीही तितकीच खरी असते, हे शेरिंग्टन यांचेच शिष्य जॉन एकल्स यांनी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९५१ मध्ये दाखवून दिले. ब्रॉक आणि कूम्ब्स या सहकाऱ्यांसह त्यांनी मांजराच्या प्रेरक चेतापेशीत अतिसूक्ष्म काचेची नळी घालून आतला भार मोजला. चेतापेशींमधला संवाद केवळ विजेने होतो, रसायनांनी नव्हे, असे मत एकल्स अनेक वर्षे हिरिरीने मांडत आले होते. पेशीला दाबणारा संदेश आला तेव्हा भार त्यांच्या सिद्धांताच्या नेमका उलट दिशेला गेला आणि त्यांनी आपले जुने मत सोडून दिले. विज्ञानाच्या इतिहासात स्वतःच्या मताला इतक्या सरळपणे निरोप देणारी माणसे फार आढळत नाहीत, म्हणून हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. १९६३ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

ही दाबणारी बाजू निकामी झाली तर काय होते, ते मराठी माणसाला वेगळ्या नावाने फार पूर्वीपासून माहीत आहे. गंजलेल्या खिळ्याच्या जखमेनंतर जबडा आवळला जाणे आणि पाठीची कमान होऊन शरीर धनुष्यासारखे वाकणे, यावरूनच ‘धनुर्वात’ हे नाव आले. जखमेतल्या जिवाणूंचे विष प्रेरक चेतापेशींच्याच तंतूंतून वर सरकत मेरुरज्जूत पोहोचते, तिथे शेजारच्या आवर घालणाऱ्या पेशींत शिरते आणि त्यांचे ग्लायसीन व गाबा हे रासायनिक संदेश बाहेर पडू देत नाही. मग साध्या आवाजाने किंवा स्पर्शाने दिलेली चेतना अंगभर पसरते. कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांतील, म्हणजे कुचल्यातील, विष वेगळ्या जागी हेच करते: ग्लायसीन बाहेर पडते, पण ते स्वीकारणारी जागाच विषाने अडवलेली असते. दोन्ही विषे स्नायूंना नवे बळ देत नाहीत. ती फक्त लगाम काढून घेतात, आणि तेवढ्यानेच हाडे मोडण्याइतके आकुंचन होऊ शकते. निरोगी माणसाच्या मेरुरज्जूत प्रत्येक क्षणी किती आवर घातला जात असतो, याचा अंदाज यावरून यावा.

आता मेंदूकडे वळू. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताफ फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला, आणि जागा बदलली तसा हलणारा स्नायूही बदलला. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील या प्रेरक भागातून आणि त्याच्या शेजारच्या भागांतून तंतूंचा एक जाड जुडगा थेट मेरुरज्जूकडे निघतो. माणसात प्रत्येक बाजूला असे सुमारे १० लाख तंतू असतात. मेंदूच्या बुंध्याच्या तळाशी त्यांतील ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूतील इजेने उजवा हात जातो. कीव्ह येथील व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या अवाढव्य पेशींचे तंतू या जुडग्यात असतात खरे, पण त्यांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपासच आहे. बाकीचे तंतू लहान पेशींचे असतात, आणि त्यांतील पुष्कळसे प्रेरक चेतापेशींपर्यंत जातही नाहीत. ते मेरुरज्जूतील मधल्या पेशींवर थांबतात. काही तर पाठीकडील पंखांत उतरून, त्वचेकडून आणि स्नायूंकडून वर येणाऱ्या बातम्यांपैकी कोणती पुढे जाऊ द्यायची हे ठरवतात.

माणसात आणि माकडांच्या काही जातींत मात्र या तंतूंपैकी काही थेट प्रेरक चेतापेशींना भिडतात, विशेषतः हाताच्या आणि बोटांच्या. मांजरात ही थेट जोडणी नाही. तिचे महत्त्व १९६८ मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत फार स्पष्ट झाले. त्यांनी बुंध्यातील हा जुडगा दोन्ही बाजूंनी कापला. काही आठवड्यांत माकडे पुन्हा चालू लागली, उड्या मारू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. पण लहान खळग्यातील खाद्याचा तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून काढणे त्यांना पुन्हा कधी जमले नाही. ती पूर्ण मूठ एकदमच मिटत. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, मुठीत आलेले खाद्य सोडताना त्यांना अडचण येई, आणि गज धरून चढताना मात्र तीच मूठ सहज उघडे. हात तोच, स्नायू तेच, प्रेरक चेतापेशीही त्याच होत्या. बदलली होती ती फक्त त्या पेशींपर्यंत पोहोचणारी वाट.

कारण वाटा अनेक आहेत. मेंदूच्या बुंध्यातील पेशींच्या जाळ्यातून निघणारे तंतू धडाचे आणि खांद्या-मांड्यांचे स्नायू एकत्र हलवतात; आतल्या कानातील तोलाची बातमी घेणारे तंतू शरीर उभे ठेवणाऱ्या स्नायूंना सतत थोडे ताणून ठेवतात. ही कामे आपल्या लक्षातही येत नाहीत. उभे राहून फळीवरचा डबा काढण्यासाठी हात पुढे केला, तर हाताचा स्नायू आकुंचन पावण्याच्या काही शतांश सेकंद आधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात, कारण हात पुढे गेल्यावर तोल जाणार हे मेंदूने आधीच हिशोबात धरलेले असते. मॉस्कोतील संशोधकांनी १९६७ मध्ये हे मोजून दाखवले. आपण ‘हात पुढे केला’ असे म्हणतो. पण त्या साध्या कृतीत मेंदूने आधी टाचा रोवलेल्या असतात.

दोन वाटा एकाच पेशीपर्यंत कशा येतात, याचा अनुभव प्राणायाम करणाऱ्यांना रोज येतो. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या चेतांच्या पातळीवर असलेल्या प्रेरक चेतापेशी श्वासपटल हलवतात. झोपेत त्यांना मेंदूच्या बुंध्यातून आपोआप ताल मिळतो. पूरक, कुंभक, रेचक करताना मोठा मेंदू त्याच पेशींचा ताबा वेगळ्या वाटेने घेतो. आणि कुंभक लांबला की आपोआप चालणारी वाट शेवटी आपला हक्क बजावतेच. पक्षाघाताच्या काही रुग्णांत याहून विलक्षण गोष्ट दिसते. इच्छेने जराही न हलणारा हात जांभई देताना आपोआप वर उचलला जातो. घरच्यांना वाटते की हात हलतो आहे, मग सांगितल्यावर का हलवत नाहीत, प्रयत्नच करत नाहीत. हा आरोप रुग्णावर फार अन्याय करणारा आहे. जांभईची वाट वेगळी असल्याने ती शाबूत आहे, इच्छेची वाट तुटली आहे, आणि रुग्णाला एका वाटेवरून दुसरीवर उडी घेता येत नाही.

मेंदू प्रत्येक स्नायूला प्रत्येक क्षणी सूचना देत बसत नाही, कारण मेरुरज्जूला स्वतःचे बरेच काही येते. टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये दाखवले की, मेंदूपासून तोडलेला आणि पायांकडून येणारी संवेदनाही बंद केलेला मांजराचा मेरुरज्जू पायांचे विरोधी स्नायू आळीपाळीने, चालण्याच्या लयीत आकुंचित करू शकतो. १९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्हस्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मोठा मेंदू वेगळा केलेल्या मांजराला सरकत्या पट्ट्यावर उभे केले आणि मध्यमेंदूतील, म्हणजे बुंध्याच्या वरच्या भागातील, एका छोट्या जागेला विद्युत्चेतना दिली. मांजर चालू लागले. चेतना वाढवली तसे ते दुडके आणि मग चौखूर धावू लागले. वरून पावलाचा तपशील जात नव्हता, गेला होता तो फक्त ‘चाल’ आणि ‘वेगाने चाल’ एवढाच इशारा. कोणता स्नायू कधी, हे मेरुरज्जूने स्वतः जमवले. माणसाच्या चालण्यात मोठ्या मेंदूचा सहभाग मांजरापेक्षा पुष्कळ अधिक आहे, तरी हीच रचना आपल्यातही पायाभूत आहे असे मानायला आधार आहे.

ताकदीच्या बाबतीतही असेच आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एलवूड हेनमन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत एक साधा नियम शोधला. एका स्नायूच्या प्रेरक चेतापेशींना चेतना मिळू लागली की आधी लहान पेशी पेटतात आणि मागणी वाढेल तशा मोठ्या पेशी क्रमाने सामील होतात. लहान पेशींकडे थोडे, न थकणारे स्नायुतंतू असतात, तर मोठ्या पेशींकडे पुष्कळ, जोरकस पण लवकर थकणारे. त्यामुळे सुईत दोरा ओवताना ताकद अगदी थोडी-थोडी वाढवता येते, आणि भरलेली घागर उचलताना शेवटी मोठ्या पेशी उतरतात. हा क्रम मेंदूने दर वेळी ठरवावा लागत नाही. तो पेशींच्या आकारातच ठरून गेलेला आहे. मेंदूने फक्त ‘किती’ ते सांगायचे.

मग मेंदूच्या प्रभावाचा सर्वांत सूक्ष्म भाग येतो, आणि मला तो सर्वांत आकर्षक वाटतो. इथे मेंदू पेशीला पेटवत नाही, दाबतही नाही. ती पेटायला किती तयार असावी ते ठरवतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीने टकटक करतात तेव्हा मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, ताणाची बातमी मेरुरज्जूत जाते आणि तिथूनच परतून पाय उडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूला वगळून होते, असे आपण शिकलो. पण पाय नीट उडत नसेल तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतात, आणि तोच फटका दिल्यावर पाय चांगला उडतो. हंगेरीचे डॉक्टर यॅन्ड्राशिक यांनी १८८५ मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही बाह्यरुग्ण विभागात रोज वापरली जाते. हातांनी जोर लावला आणि पायाच्या पेशी उंबरठ्याच्या अधिक जवळ आल्या, म्हणजे वरून काहीतरी खाली उतरले.

वरून उतरणाऱ्या या गोष्टींत बुंध्यातील पेशींनी सोडलेली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने महत्त्वाची आहेत. ती प्रेरक चेतापेशीच्या आवरणातील काही विद्युत्प्रवाह जागे करतात, त्यामुळे पेशीला मिळालेली छोटी चेतना मोठी होते आणि काही वेळ टिकते. तंबोऱ्यावर तारेखाली जव्हारी नीट बसली की त्याच छेडण्याने स्वर भरून आणि लांबून येतो, तसे काहीसे हे आहे. धोक्याच्या किंवा उत्साहाच्या क्षणी स्नायू चटकन आणि जोराने प्रतिसाद देतात, त्यात या रसायनांचा हात असतो. स्वप्ने पडणाऱ्या झोपेत याच्या अगदी उलट घडते: ही रसायने जवळजवळ थांबतात, ग्लायसीन आणि गाबा यांचा जोर वाढतो आणि श्वासाचे व डोळ्यांचे स्नायू सोडले तर बहुतेक शरीर सैल पडते. म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणावर स्थिर असतो. काही व्यक्तींमध्ये, बहुधा उतारवयात, ही व्यवस्था बिघडते आणि ते झोपेतच हातपाय झाडतात, शेजारच्याला मारतात. या विकाराची ओळख वैद्यकशास्त्राला १९८६ मध्ये झाली, आणि त्यातील अनेकांना पुढे कंपवात होतो असे दिसून आल्याने, ‘झोपेत बडबडतात, लाथा मारतात’ म्हणून तो दुर्लक्षित ठेवू नये.

स्वयंपाकघरातलेही एक उदाहरण घेण्यासारखे आहे. तापलेल्या तव्याला बोट लागले तर हात कळायच्या आत मागे येतो. पण आमटीने भरलेले पातेले उचलल्यावर ते भाजते आहे हे लक्षात आले, तरी आपण ते हातातून सोडत नाही. दात-ओठ खाऊन ओट्यापर्यंत नेतो. भाजल्याची बातमी दोन्ही वेळा मेरुरज्जूत जाते आणि हात सोडून देण्याची मेरुरज्जूची तयारीही दोन्ही वेळा असते. दुसऱ्या वेळी वरून आलेला आवर तिला थोपवून धरतो, कारण पातेले पडले तर आमटी पायावर सांडेल, जवळ खेळणारे मूल भाजेल, हे फक्त मेंदूला माहीत असते.

हा आवर दीर्घकाळाच्या सरावानेही बदलतो. कोपनहेगनमध्ये १९९३ मध्ये केलेल्या एका अभ्यासात, डेन्मार्कच्या राजघराण्याच्या बॅले संस्थेतील नर्तकांच्या पोटरीची विजेने तपासलेली प्रतिक्षिप्त क्रिया कसलेल्या खेळाडूंपेक्षाही मंद असल्याचे आढळले. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळून चवड्यावर उभे राहायचे असेल, तर छोट्या ताणाने पोटरी उसळून चालणार नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तिला शांत राहायला शिकवलेले असते. अमेरिकेत जोनाथन वोलपॉ यांनी माकडांना बक्षिसाच्या आधारे अशी क्रिया वाढवायला किंवा कमी करायला शिकवले, आणि नंतर मेरुरज्जू मेंदूपासून तोडल्यावरही त्या शिकण्याची खूण खाली टिकून असल्याचे त्यांना दिसले. रियाजाची आठवण मेंदूतच साठते असे आपण धरून चालतो. तिचा काही भाग कण्यातही उतरतो.

आता त्या ताठ हाताकडे परत येता येईल. शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजराचा मेंदूचा बुंधा मध्यमेंदूच्या पातळीवर छेदला, तेव्हा त्याचे चारही पाय लुळे पडण्याऐवजी खांबासारखे ताठ झाले. आणि पायाकडून मेरुरज्जूत येणाऱ्या संवेदनेच्या मुळ्या कापताच तो पाय सैल पडला. म्हणजे ताठरपणा स्नायूत नव्हता. स्नायूच्या ताणाची साधी बातमी, वरचा आवर गेल्याने, अवाजवी प्रतिसाद मिळवत होती. पक्षाघातात असेच काहीसे घडते. मोठा मेंदू बुंध्यातील ज्या पेशींमार्फत मेरुरज्जूला शांत ठेवत असतो, त्या पेशींना मिळणारा त्याचा पाठिंबा तुटतो, आणि चेतवणाऱ्या जुन्या वाटा मात्र चालू राहतात. हे लगेच दिसत नाही. झटक्यानंतर पहिले काही दिवस किंवा आठवडे हात बहुधा सैलच असतो. मेरुरज्जूला मोठी इजा झाल्यावरही आधी सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा होतात आणि पुढे त्याच उसळून परत येतात. वरून येणारी रसायने थांबल्यावर प्रेरक चेतापेशी हळूहळू स्वतःत बदल करून घेतात आणि त्या रसायनांशिवायही चेतना वाढवू लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. जगण्यासाठी केलेला हा बदल पुढे पेटके आणि आखडणे होऊन बसतो.

अशा वेळी ‘नसा आखडल्या’ असे म्हणून हात झटक्याने ओढून सरळ करण्याचा, जोरदार रगडण्याचा सल्ला घरी येणारे अनेक जण देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या ताठरपणाचा स्वभावच असा आहे की जितक्या वेगाने ताणाल तितका तो अधिक प्रतिकार करतो. सावकाश, धीराने उघडलेली मूठ उघडते. झटका दिलेली मूठ आणखी मिटते आणि खांदा दुखावतो. सावकाश केलेला रोजचा व्यायामही टाळून चालत नाही, कारण दुमडून राहिलेला स्नायू काही काळाने खरोखरच आखूड होतो आणि मग तो ताठरपणा चेतापेशींच्या हातात राहत नाही. बॅक्लोफेन हे औषध पेशीवरच्या, गाबा स्वीकारणाऱ्या एका प्रकारच्या जागेवर काम करून मेरुरज्जूतील गमावलेला आवर काही प्रमाणात परत देते. काही स्नायूंत बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा टोचली जाते. हे विष धनुर्वाताच्या विषाच्याच घराण्यातले आहे आणि तेही रासायनिक संदेश बाहेर पडू देत नाही. फरक जागेचा आहे: एक मेरुरज्जूत जाऊन लगाम तोडते म्हणून शरीर ताठते, दुसरे स्नायूपाशीच थांबून हुकूम अडवते म्हणून स्नायू सैल होतो.

वरची वाट तुटली आहे का, हे तपासण्याची एक जुनी खूण तळपायावर आहे. टाचेकडून बोटांकडे बाहेरच्या कडेने टोकदार वस्तू ओढली तर निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो. वाट तुटलेली असेल तर तो वर उचलला जातो. जोसेफ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये १८९६ मध्ये हे नोंदवले. तान्ह्या बाळाचा अंगठाही असाच वर जातो, आणि त्यात काळजीचे कारण नसते, कारण मेंदूकडून खाली उतरणारे तंतू त्या वयात अजून पूर्ण तयार झालेले नसतात. बाळ चालायला लागते त्या सुमारास, बहुधा एक-दोन वर्षांत, अंगठा खाली वळू लागतो. आईला बाळाची पहिली पावले दिसतात; त्याच काळात मेंदू आणि मेरुरज्जू यांचा हा व्यवहार आतल्या आत जुळत आलेला असतो.

खालच्या पेशी जिवंत असतात, या एका गोष्टीने गेल्या काही वर्षांत उपचारांचा विचार बदलला आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथील एका गटाने, अपघातानंतर छातीखाली काहीही हलवता न येणाऱ्या एका तरुणाच्या मेरुरज्जूच्या आवरणावर विद्युत्चेतना देणारी पट्टी बसवली. काही महिन्यांच्या सरावानंतर, चेतना चालू असताना, तो स्वतःच्या इच्छेने पायाची काही हालचाल करू लागला. विजेने त्याचे पाय ओढले जात नव्हते. तिने प्रेरक चेतापेशींना उंबरठ्याच्या जवळ आणून ठेवले होते, आणि इजेतून वाचलेल्या मोजक्या तंतूंमधून येणारा, एरवी अपुरा पडणारा मेंदूचा क्षीण संदेश तेवढ्याने पुरेसा ठरत होता. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने एका डच रुग्णाच्या मेंदूच्या प्रेरक भागावर संवेदक बसवून त्याच्या हेतूप्रमाणे मेरुरज्जूतील चेतना बदलत राहील अशी जोडणी केली. सायकलच्या अपघाताला दहाहून अधिक वर्षे उलटलेला तो माणूस उभा राहिला, चालला आणि पायऱ्या चढला. आणि सरावानंतर, यंत्र बंद असतानाही, कुबड्या घेऊन काही पावले टाकू लागला.